दोन आण्यांचा करार

वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास रेल्वे स्टेशनापासून सुरू होतो. बडनेरा, मूर्तिजापूर, धामणगाव, शेगाव ही नावे काढली की आधी फलाट डोळ्यांपुढे येतो, मग जिनिंग-प्रेसिंग आणि मग बाजारपेठ. नेरला स्टेशन नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंद मापाची ‘शकुंतला’सुद्धा दारव्ह्यावरून गेली, नेर तिने बाजूला ठेवले. त्यामुळे आमच्या नेर परसोपंतचा (अमरावती जिल्ह्यातल्या नेरपिंगळाईशी घोळ होऊ नये म्हणून हे जोडनाव अजून कामी येते) अर्वाचीन इतिहास बराचसा एका रस्त्याचा इतिहास आहे. यवतमाळहून निघून नेर, नांदगाव खंडेश्वर, बडनेरा करत अमरावतीला पोचणारा हा रस्ता. शाळा, दवाखाना, कोर्ट, कापसाचे व्यापारी, मुलीचे सासर, सगळे त्याच्या या टोकाला किंवा त्या टोकाला.

रस्ता कोणी बांधला याची नोंद कुठे ना कुठे सापडते. मला जास्त कुतूहल वाटत आले ते त्याच्या पैशांचे. रस्त्याचा खर्च कोणी द्यावा, देणाऱ्याला हिशेब मागता येतो का, आणि ‘रस्त्यासाठी’ म्हणून घेतलेला पैसा रस्त्यावरच पडतो का, हे प्रश्न आज टोलनाक्यावर आणि पेट्रोल पंपावर रोज विचारले जातात. पण ते आजचे नाहीत. १९२९ साली या देशात पेट्रोलवाल्यांशी एक करार झाला होता. तो लेखी होता, सरकारी होता, आणि त्याच्या मागे एक मराठी माणूस होता. त्या कराराची ही हकिकत. नेरसारख्या गावातून ती मुंबई-दिल्लीपेक्षा जरा वेगळी दिसते.

मोटारीच्या आधी वऱ्हाडातले रस्ते शेतकऱ्याच्या पैशाने झाले. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, आणि दहाच वर्षांत अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. रेल्वे आली तेव्हा तो मुंबईकडे वळला, आणि रेल्वेपर्यंत कापसाची बंडी नेण्यासाठी रस्ते हवे झाले. शेतसाऱ्याला जोडून जे उपकर घेतले जात, त्यांत शाळेचा होता, गावच्या जागल्याचा होता आणि रस्त्याचाही होता. म्हणजे बंडीवाला रस्ता वापरत होता आणि तोच त्याचे पैसेही देत होता. हिशेब सरळ होता, रस्ता मात्र जेमतेम होता. मुरूम आणि गिट्टी पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून केलेला. काळ्या मातीच्या मुलखात त्याचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे.

मोटार आली आणि या रस्त्याचे दिवस भरले. बंडीच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते. सगळे ओझे ती दोन-अडीच बोटांच्या पट्टीवर टाकते आणि गिट्टी भरडते. मोटारीचे रबरी चाक उलटे करते. ते वेगाने जाताना गिट्टीच्या फटींतली बारीक माती ओढून धूळ करून उडवते, आणि बांधणी गेली की गिट्टी सुटी होते. एकटी बंडी किंवा एकटी मोटार असती तर रस्त्याने कदाचित सोसले असते. दोघींनी मिळून त्याची चाळण केली. मोटारवाले म्हणत, या लोखंडी धावांनी रस्ते खाल्ले. बंडीवाल्याला धूळ दिसत होती. डांबर हा यावरचा उपाय होता, पण डांबराला पैसा लागतो.

या टप्प्यावर मोटारवाल्यांच्या संघटना पुढे आल्या. बंगालमध्ये १९०४ पासून अशी संघटना होती. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन निघाली, आणि विसाच्या दशकात इंडियन रोड्स अँड ट्रान्स्पोर्ट डेव्हलपमेंट असोसिएशन ही आणखी जोरकस संस्था मुंबईतूनच काम करू लागली. यात कोण होते? गोरे अधिकारी, बॅरिस्टर, गिरण्यांचे आणि पेढ्यांचे मालक, मोटारी व टायर आयात करणाऱ्या कंपन्या, तेलवाले. त्यांचे हितसंबंध उघड होते. रस्ते वाढले की मोटारी खपणार, मोटारी खपल्या की पेट्रोल खपणार. पण त्यांचे म्हणणे तेवढ्यावरून उडवून लावता येत नाही. ते थोडक्यात असे: मोटार आयात करताना जकात, टायरवर जकात, पेट्रोलवर कर, शिवाय प्रांताचे आणि नगरपालिकेचे कर, एवढे सगळे देऊन पैसा सरकारच्या सामाईक गंगाजळीत जातो आणि रस्ता तसाच राहतो. रस्त्यासाठीच लागणार असेल तर पेट्रोलवर आणखी कर बसवा, आम्ही देऊ.

कर भरणारा स्वतःहून कर वाढवा म्हणतो, असे प्रसंग अर्थकारणाच्या इतिहासात थोडेच. अर्थात अट होती, आणि अटीतच सगळी मेख होती.

अडचण राज्यघटनेची होती. १९१९ च्या सुधारणांनी रस्ते प्रांतांकडे गेले, तेही लोकनियुक्त मंत्र्यांच्या खात्यात. पेट्रोलवरचा कर मात्र दिल्लीचा. रस्ता एकाचा आणि पैसा दुसऱ्याचा. १९२७ मध्ये कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये रस्त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमण्याचा ठराव झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोन्ही सभागृहांतल्या सभासदांची समिती बसली. अध्यक्ष होते मुकुंद रामराव जयकर.

जयकरांची ओळख मराठी वाचकाला वेगवेगळ्या निमित्तांनी असते. कुणाला ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ठाऊक असतात, कुणाला १९३० मध्ये सप्रूंबरोबर येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींशी वाटाघाटी करणारे मध्यस्थ म्हणून. रस्त्यांची समिती त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकते. मला ती त्यांच्या टिकाऊ कामांपैकी एक वाटते. इथे आमच्या जिल्ह्याचा एक धागाही येतो. स्वराज्य पक्षातून फुटून १९२६ च्या सुमारास जो प्रतिसहकारवाद्यांचा गट झाला, त्यात जयकरांबरोबर न. चिं. केळकर होते, नागपूरचे डॉ. मुंजे होते आणि यवतमाळचे वकील माधव श्रीहरी अणे होते. ही फूट पडली तीही वऱ्हाडामुळे, अमरावतीच्या श्रीपाद बळवंत तांब्यांनी मध्य प्रांताच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली त्या निमित्ताने. वणीचे बापूजी अणे तेव्हा मध्यवर्ती विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी होते. म्हणजे पेट्रोलवरचा दोन आण्यांचा कर ज्या सभागृहात मंजूर झाला, त्यात नेरच्या जिल्ह्याचा माणूस बसलेला होता, आणि समितीचा अध्यक्ष त्याचा राजकीय सोबती होता. जुलै १९३० मध्ये हेच अणे पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह करत होते आणि जयकर तडजोडीच्या खटपटीला लागले होते. पण तो वेगळा विषय.

जयकर समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला. त्याचा गाभा असा. रस्त्यांचा विकास आता प्रांतांच्या आणि जिल्हा मंडळांच्या आवाक्याबाहेर गेला आहे, काही प्रमाणात तो साऱ्या देशाचा विषय झाला आहे, म्हणून मध्यवर्ती तिजोरीने भार उचलावा. त्यासाठी पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा. अनुभवाची देवाणघेवाण करायला तज्ज्ञांची एक संस्था असावी (यातूनच १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस निघाली). मार्च १९२९ मध्ये गॅलनमागे चार आण्यांचा कर सहा आणे झाला, आणि वाढलेले दोन आणे रस्ते निधीत जमा होऊ लागले.

विधिमंडळाच्या १९३० च्या ठरावातल्या तीन गोष्टी आजच्या वाचकाने थांबून पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हा पैसा वेगळ्या खात्यात राहील आणि वर्षाअखेर खर्च झाला नाही म्हणून बुडणार नाही. मार्च महिन्यात घाईघाईने डांबर ओतणारे सरकारी खाते पाहिलेल्या माणसाला या अटीची किंमत कळेल. दुसरी, निधीच्या वापराबाबत सल्ला द्यायला विधिमंडळाची स्थायी समिती राहील, म्हणजे हिशेब लोकप्रतिनिधींपुढे येईल. तिसरी मला सर्वांत मजेची वाटते. विमानांना जे पेट्रोल लागते त्यावरच्या कराचा वाटा रस्त्यांकडे न जाता नागरी हवाई वाहतुकीकडे जाईल. विमान रस्त्यावरून धावत नाही, तर त्याच्या पेट्रोलचा पैसा रस्त्यावर का? त्या काळात देशात विमाने किती होती? तरीही हिशेब वेगळा ठेवला गेला. तत्त्व मान्य केले की ते हवेतल्या चार विमानांनाही लावायचे, असा तो बाणा होता. हा मुद्दा मी पुढे ट्रॅक्टरच्या संदर्भात पुन्हा काढणार आहे.

करार चांगला होता, पण त्यात नेरच्या दृष्टीने एक उणीव होती. मध्यवर्ती सरकारने दहा टक्के राखून ठेवायचे आणि बाकीचे प्रांतांना वाटायचे, ते कोणत्या प्रमाणात? त्या त्या प्रांतात जेवढे पेट्रोल खपेल त्या प्रमाणात. ऐकायला हे न्याय्य वाटते. ज्याने भरले त्याला मिळावे. पण मोटारी होत्या मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासेत. मध्य प्रांत-वऱ्हाडात पेट्रोल थोडे खपे, म्हणून पैसा थोडा, म्हणून रस्ते थोडे, म्हणून मोटारी थोड्या. त्या वेळी दारव्हा तालुक्यात असलेल्या नेरच्या बंडीवाल्याने पेट्रोलचा कर भरला नव्हता हे खरे. पण रस्त्याचा उपकर तो मोटारीच्या कितीतरी आधीपासून देत आला होता, आणि मुंबईची गिरणी चालत होती ती त्याने बंडीतून वाहून आणलेल्या कापसावर. मोटारवाल्यांच्या अर्जांत हा माणूस रस्ता खराब करणारा म्हणून येतो. रस्त्याचा जुना देणेकरी म्हणून त्याची नोंद कुणी घेतली नाही. त्याची संघटना नव्हती.

सरकारची स्वतःचीही पंचाईत होती. ते रेल्वेचे मालक होते. एका हाताने रस्त्यासाठी पेट्रोलकर घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने रेल्वेचे उतारू मोटारबसकडे जाऊ नयेत म्हणून आडकाठी करायची, असे दहा वर्षे चालले. मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांनी १९३२-३३ मध्ये रेल्वे-रस्ता स्पर्धेची पाहणी केली; रुळांना समांतर पक्के रस्ते किती, हा त्यांच्या चिंतेचा विषय होता. त्याच विचारातून पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आणि परवान्यांची पद्धत आली. मंदीत पेट्रोलवरचा कर आणखी चढला, पण ती वाढ त्या प्रमाणात रस्ते निधीत आली नाही. करार मोडला असे म्हणता येत नव्हते, कारण ठरलेले दोन आणे रस्त्याला मिळतच होते. त्यांच्या भोवतीचा कर मात्र फुगत गेला. ही युक्ती पुढे फार वापरली गेली.

आणि ती आपलीच नव्हे. इंग्लंडमध्ये लॉइड जॉर्जने १९०९ च्या अंदाजपत्रकात गॅलनमागे तीन पेन्स कर बसवला, तो रस्त्यांवरच खर्च होईल असे मोटारवाल्यांना सांगून. १९२६ मध्ये अर्थमंत्री विन्स्टन चर्चिलने या रस्ते निधीत हात घातला. मोटारी घेतल्या म्हणून एका वर्गाला सरकारी उत्पन्नावर मालकी सांगता येत नाही, अशी त्याची भूमिका होती. १९३७ मध्ये तिथे कर आणि रस्ता यांची गाठ कायमची सुटली. अमेरिकेत १९१९ मध्ये ओरेगॉन राज्याने पहिला पेट्रोलकर बसवला, आणि तिथे वारे उलटे वाहिले. जी राज्ये पेट्रोलकर दुसरीकडे वळवतील त्यांचे केंद्रीय रस्ते अनुदान कापण्याची तरतूद १९३४ च्या हेडन-कार्टराइट कायद्यात झाली. मोटारवाल्यांचे क्लब तिथे तेवढे बळकट होते.

चर्चिलचा मुद्दा मला सर्वस्वी चूक वाटत नाही. दारूवरचा कर दारूड्यांवरच खर्च करा असे कुणी म्हणत नाही. सरकारला सामाईक तिजोरी लागते, आणि शाळा-दवाखान्यांचा पैसा रस्त्यात अडकून पडावा असेही नाही. माझा आक्षेप नावाला आहे. सामाईक तिजोरीसाठी घ्यायचे तर तसे सांगून घ्यावे. पावतीवर ‘रस्ता’ लिहिले की हिशेब रस्त्याचा द्यावा लागतो.

यानंतरचा मोठा टप्पा आमच्या अगदी शेजारचा. डिसेंबर १९४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, प्रांतोप्रांतीचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. तिला आजही ‘नागपूर योजना’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग ही जी उतरंड आपण मैलाच्या दगडांवर पाहतो, ती इथली. योजनेत एक वाक्यभर उद्दिष्ट होते: पिकाऊ मुलखातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून लांब असू नये. मोटारवाल्यांनी भांडून मिळवलेला निधी चौदा वर्षांनी प्रथमच गावाकडे पाहू लागला होता. रस्ता मोजायचा तो मोटारींच्या संख्येने नव्हे, गावापासूनच्या अंतराने, हा विचार नागपुरात झाला याचे मला वैदर्भीय म्हणून जरा कौतुक आहे. (याच वर्गवारीला २०१७ मध्ये भलताच उपयोग सापडला. सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतच्या दारू दुकानांवर बंदी घातली, तेव्हा दुकाने वाचवण्यासाठी ठिकठिकाणी महामार्गांचा दर्जाच काढून ते शहरी रस्ते ठरवण्याची टूम निघाली. त्याच सुमारास महाराष्ट्रात पेट्रोलवरचा अधिभार लिटरमागे तीन रुपयांनी वाढला, आणि दारूचे बुडालेले उत्पन्न पेट्रोलमधून काढले जात असल्याची चर्चा झाली.)

महाराष्ट्र झाल्यानंतरची गोष्ट लांब आहे. दोनच गोष्टी सांगतो. एक, मोटारीच्या कराने खेड्यातल्या मजुराला काम दिले. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ मध्ये जे कर बसले त्यांतला व्यवसायकर सर्वांना माहीत आहे, कारण तो पगारातून कापला जातो. पण वाढीव मोटार वाहन करही त्यात होता. त्या पैशातून खडी फोडली गेली, मुरूम टाकला गेला, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना पहिला रस्ता मिळाला. मुंबईच्या मोटारमालकाने वऱ्हाडातल्या बाईच्या हातातल्या हातोड्याची मजुरी दिली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. मोटारवाल्यांच्या करारात हे कलम कधीच नव्हते, आणि तरी त्या कराचा इतका चांगला वापर दुसरा मला दिसत नाही. दोन, वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला. राज्याचा एकूण ३,१८६.७८ कोटी, त्यात विदर्भाचा वाटा ३९.१२ टक्के. रस्ते हे त्या मोजणीतले एक ठळक क्षेत्र होते. खपाच्या प्रमाणात वाटप हे १९२९ चे सूत्र आणि १९८४ चा अनुशेष यांच्यात थेट रेघ ओढणे धाडसाचे होईल, कारण मधे राज्य सरकारांचे पन्नास निर्णय आहेत. पण जिथे आधी रस्ता तिथेच पुन्हा रस्ता, ही सवय जुनी आहे.

जुना करार १९९८ मध्ये नव्या रूपात परत आला. पेट्रोलवर लिटरला एक रुपया उपकर, पुढच्या वर्षी डिझेलवरही एक रुपया, आणि २००० मध्ये केंद्रीय रस्ते निधी कायदा. या कायद्यात वाटण्या लिहून ठेवल्या होत्या. डिझेलच्या उपकराचा निम्मा भाग ग्रामीण रस्त्यांना. उरलेल्यातून राष्ट्रीय महामार्गांना साडेसत्तावन्न टक्के, राज्यांच्या रस्त्यांना तीस टक्के, रेल्वे फाटकांवरच्या पुलांसाठी व सुरक्षेसाठी साडेबारा टक्के. राज्यांचा वाटा ठरवताना इंधनाच्या खपाबरोबर क्षेत्रफळही धरले गेले. १९२९ ची उणीव सत्तर वर्षांनी थोडी भरून निघाली. २५ डिसेंबर २००० ला सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेला याच डिझेलने हात दिला. नेर तालुक्यात आडगावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या तोंडाशी या योजनेचे निळे-पांढरे फलक दिसतात, ते त्या रुपयाचे फळ. त्या वर्षांत करार पाळला गेला असे मी म्हणेन.

२०१८ मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द जोडले गेले आणि रस्त्यांबरोबर रेल्वे, जलमार्ग, पाणीपुरवठा, शाळा-दवाखान्यांच्या इमारती असे पुष्कळ काही त्यात बसू लागले. उपकर आठ रुपये झाला, २०२० मध्ये अठरा. मग इंधनाचे भाव भडकल्यावर दोन कपाती झाल्या. मे २०२२ मधल्या दुसऱ्या कपातीनंतर चित्र असे होते: पेट्रोलवर केंद्राचा एकूण कर लिटरमागे १९ रुपये ९० पैसे, त्यात रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये. डिझेलवर एकूण १५ रुपये ८० पैसे, त्यात हा उपकर २ रुपये. १९२९ मध्ये सहा आण्यांपैकी दोन आणे, म्हणजे एक तृतीयांश, रस्त्याचे होते. पेट्रोलमध्ये ते एक चतुर्थांश राहिले, आणि तेही केवळ रस्त्याचे नव्हे. डिझेलमध्ये आठव्या हिश्श्याच्या आसपास. यावर राज्याचा मूल्यवर्धित कर आणि अधिभार निराळे. उपकर राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही हे घटनेतले कलम २७० ज्यांना माहीत आहे, त्यांना उपकरांचे हे प्रेम कुठून आले ते सांगायला नको.

आता मूळ प्रश्नाकडे. १९२९ चा ‘मोटारवाला’ म्हणजे मुंबईचा बॅरिस्टर. आज तो कोण आहे? पेट्रोलियम मंत्रालयाच्या नियोजन विभागासाठी झालेली एक देशव्यापी पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात विकल्या जाणाऱ्या पेट्रोलपैकी सुमारे ६१ टक्के पेट्रोल दुचाक्यांत जाते असे आढळले. मोटारी त्याच्या बऱ्याच खाली, ३४ टक्क्यांवर. याला नेरमध्ये पाहणीची गरज नाही. पंपावर उभे राहिले की पुढे दुधाच्या कॅना अडकवलेल्या, मागे फवारणीचा पंप बांधलेल्या, तिघांना घेऊन दवाखान्यात निघालेल्या फटफट्या दिसतात. शंभराचे टाक, दोनशेचे टाक. त्यांच्यामागे ट्रॅक्टर डबकी घेऊन डिझेलला. एसटीत बसलेली म्हातारीसुद्धा कर भरते, तिच्या तिकिटात साडेसतरा टक्के प्रवासी कर धरलेला असतो.

या लोकांना आपण मोटारवाले आहोत हेच ठाऊक नाही. मोटारवाल्यांची आंदोलने महाराष्ट्रात होतात, आणि यशस्वीही होतात. कोल्हापूरच्या लोकांनी एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्या पुढारीपणाखाली शहरातल्या टोलविरुद्ध वर्षानुवर्षे झुंज दिली आणि टोल घालवला. १ जून २०१५ पासून राज्यातले बारा टोलनाके बंद झाले, आणखी त्रेपन्न नाक्यांवर मोटारी व एसटीला माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल गेला. ट्रकवाल्यांनी जुलै २०१८ मध्ये आठ दिवस चाके थांबवली, तेव्हा डिझेलचे भाव आणि टोल दोन्हींवर दिल्लीला बोलावे लागले. टोल नाक्यावर हातात पावती येते, म्हणून राग येतो. लिटरमधला कर पंपाच्या काट्यावर दिसत नाही. तिथे फक्त आकडा फिरतो.

दुचाकीला टोल बहुतेक ठिकाणी नसतोच, म्हणून तिचा मालक त्या भांडणात नाही. आणि जिथे पैसा सर्वांत जास्त ओतला गेला तिथे तो जाऊ शकत नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या शेजारच्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यातून जातो. त्यावर दुचाकीला बंदी, ट्रॅक्टरला बंदी. सुरक्षेचे कारण मला पटते. ताशी शंभरच्या गर्दीत फटफटी नकोच. पण ६१ टक्के पेट्रोल भरणाऱ्याला त्या रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जाण्यापुरताच त्याचा उपयोग आहे, हेही नोंदवून ठेवावे.

ट्रॅक्टरचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. त्याच पाहणीत डिझेलचा सुमारे १३ टक्के खप शेतीत आढळला होता. नांगरणी, वखरणी, रोटाव्हेटर, पाण्याचे इंजिन. हे डिझेल शेताच्या बांधाबाहेर जात नाही, तरी त्यावर रस्त्याचा उपकर लागतो. १९३० मध्ये विमानाचे पेट्रोल रस्त्याच्या हिशेबातून वेगळे काढणारे लोक होते. वावरातल्या डिझेलसाठी तसे कुणी मागितले नाही. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला शेतात जाळलेल्या डिझेलवर रस्त्याचा कर द्यावा लागत नाही. त्यासाठी तिथे डिझेलला लाल रंग देतात. इथे रंगाची भेसळ सुरू होईल, म्हणून मी त्या उपायाचा आग्रह धरणार नाही. शेतकऱ्याला परतावा हाती द्यावा असेही मला वाटत नाही. तेवढा हिस्सा एका ठरावीक जागी गेला तरी पुरे, आणि ती जागा प्रत्येक गावात आहे: पांदण.

पांदण रस्ता नागपूर योजनेच्या पाच वर्गांत कुठेच नव्हता. ग्राममार्ग गावाशी संपतो, आणि शेत त्याच्या पुढे असते. सरकारने २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना’ काढली, तिचा आधार केंद्राची रोजगार हमी आणि राज्याच्या निधीची जोड. इंधनाच्या उपकराचा एक पैसाही नावाने पांदणीसाठी राखलेला नाही. परतीचा पाऊस लांबला की दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत काळी माती वाळत नाही, आणि पहिल्या वेचणीचा कापूस शेतातल्या खोपीत पडून राहतो. ट्रॅक्टर पांदणीत फसला तर तो काढायला दुसरा ट्रॅक्टर येतो, आणि तोही डिझेल जाळतो, रस्ता उपकरासह.